कावळ्याला दिलेला शब्द

सूर्यकांतच्या घरामागच्या डेकच्या कठड्यावर रोज सकाळी सव्वासातच्या सुमाराला एक कावळा येऊन बसायचा. हा कावळा आपण दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यायला येतो, याबद्दल सूर्यकांतला तिळमात्र शंका नव्हती.

माणूस तसा अडाणी नव्हे. कॅनडातल्या किचनर गावातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो बारा वर्षं टेस्टर होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना कळवायच्या, हेच त्याचं पोटापाण्याचं काम. पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते काही उगाच म्हणत नाहीत. रोज सकाळी तो रात्रीच्या पोळीचा तुकडा कठड्यावर ठेवायचा, शेजारची पोर्तुगीज म्हातारी बघत नाही ना याची खात्री करून घ्यायचा आणि घाईघाईनं हात जोडायचा.

"लक्षात आहे," तो पुटपुटायचा. "विसरलेलो नाही."

कावळा पोळी उचलायचा, मान वाकडी करून एकदा त्याच्याकडे बघायचा आणि उडून जायचा. मग सूर्यकांत आत येऊन चहा टाकायचा. त्याला भीती वाटायची हे खरं, पण कावळा यायला पाच मिनिटं उशीर झाला तर त्याहून जास्त भीती वाटायची.

शब्द दिला गेला तो दीड वर्षापूर्वी, नोव्हेंबरात. अरुणा, त्याची बायको, नुकतीच गेली होती. किचनरच्याच एका हॉस्पिटलात ती पेशंटांचं रक्त काढायची. हात इतका हलका की लहान पोरं सुई टोचून झाल्यावर विचारायची, आता टोचणार का म्हणून. ती स्वतः आजारी पडली तेव्हा तिला टोरोंटोच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं. तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी अवनी सोळा वर्षांची होती.

दहाव्याचा विधी ग्रँड नदीच्या काठी एका पार्कात केला. ईश्वर गुरुजी आले होते. हे गृहस्थ आठवडाभर एका विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळायचे आणि शनिवार-रविवारी लोकांचे इहलोक-परलोक. अरुणाची थोरली बहीण नीलिमा ओकव्हिलहून पहाटे निघून आली होती, सोबत वरण, भजी आणि खिरीचे डबे. इंडियन ग्रोसरीतून आणलेलं फ्रोझन केळीचं पान खडकावर मांडलं, त्यावर पिंड ठेवले, शेजारी अन्न वाढलं, आणि सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघत उभे राहिले.

आता किचनरमध्ये कावळ्यांचा काय तोटा? थंडी सुरू झाली की आसपासच्या शेतांमधून हजारोंनी गावात येतात आणि संध्याकाळी आभाळ काळं करून टाकतात. लोक वैतागून नगरपालिकेकडे तक्रारी करतात. पण त्या सकाळी एक कावळा खाली उतरेल तर शपथ. एकटा एक समोरच्या मेपलच्या शेंड्यावर बसून होता, तोही पाठ करून.

आपल्याकडची समजूत अशी, की कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिलीय. ती पुरी करायचं कबूल केलं की शिवतो. मग कबूल करायला सुरुवात झाली. सूर्यकांत म्हणाला, अवनीला काही कमी पडू देणार नाही. कावळा ढिम्म. नीलिमा म्हणाली, अगं, आईला मी दरवर्षी भेटून येईन. कावळा ढिम्म. पाऊण तास झाला. वारा असा सुटला होता की पान उडायला लागलं. अवनी गाडीत बसली होती, ती उतरून आली, पानाच्या कडेवर एक दगड ठेवला आणि परत गाडीत जाऊन बसली. नीलिमा मफलरमध्ये तोंड खुपसून रडत होती. ईश्वर गुरुजींनी हळूच घड्याळ बघितलं आणि पिशवीत हात घातला. त्यांच्याकडे दर्भाचा कावळा तयार होता. खरा येत नसेल तर तो शिववून मोकळं होता येतं, शास्त्रात सोय आहे.

"सूर्यकांतराव, पार्किंग दोनच तासांचं आहे," ते अपराधी आवाजात म्हणाले.

"पाच मिनिटं, गुरुजी."

दर्भाच्या कावळ्यावर अरुणाला वाटेला लावायचं हे सूर्यकांतला सहन होईना. त्यानं डोळे मिटले आणि डोकं खाजवून खाजवून आठवलं, काय राहिलं असेल तिचं? टोरोंटोच्या हॉस्पिटलच्या खिडकीतून युनिव्हर्सिटीची जुनी दगडी इमारत दिसायची. एकदा उशीला टेकून बसलेली असताना ती म्हणाली होती, "कसली देखणी इमारत आहे ना? इथं शिकणाऱ्या पोरी नशीबवान." एवढंच. एवढंच बोलली होती. पण बुडत्याला काडीचा आधार.

"अरुणा," तो मोठ्यानं म्हणाला, "अवनीला मी त्याच युनिव्हर्सिटीत घालीन. तिथूनच ती डॉक्टर होईल. घर विकायची पाळी आली तरी विकीन. शब्द देतो."

पंखांची फडफड ऐकू आली. त्यानं डोळे उघडले तर कावळा पानावर होता आणि नीलिमा ओरडत होती, "शिवला! शिवला!"

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपण सगळे दुसऱ्याला सांगतो. स्वतःची बायको गेली असेल आणि स्वतःच्या डोळ्यांदेखत कावळा उतरला असेल, तर ही म्हण सांगून बघा कुणी.

शब्दाचं अवनीला काही सांगायचं नाही, असं सूर्यकांत आणि नीलिमानं तिथंच ठरवलं. पोरीच्या डोक्यावर ओझं नको. आता ओझं न सांगता लादलं म्हणून हलकं होतं का? पण त्यावेळी दोघांनाही ते शहाणपणाचं वाटलं.

अवनीला डॉक्टर व्हायचंच होतं, त्यासाठी कुणी मागे लागायला नको होतं. सहा वर्षांची असल्यापासून ती आईच्या हातांकडे बघत आली होती. बारावीच्या वर्षी तिनं लॅपटॉपवर तक्ता केला, शाळेतल्या गाइडन्सच्या बाईंशी चार वेळा बोलून आली आणि तीन ठिकाणी अर्ज टाकले. टोरोंटोचा त्यातला एक, बाबाच्या आग्रहाखातर. तिन्हीकडून होकार आले. आता जून उजाडायच्या आत तिनं एकाला हो म्हणायचं होतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी तिनं तक्ता बाबासमोर ठेवला.

"बाबा, प्रीमेड असा वेगळा कोर्स इथं नसतोच," ती म्हणाली. "कुठलीही डिग्री चालते. चार वर्षं मार्क वर ठेवायचे, एमकॅटची एंट्रन्स द्यायची, मग मेडिकलला अप्लाय करायचं. दे लुक ॲट युवर मार्क्स. नॉट द बिल्डिंग."

बिल्डिंग म्हटल्यावर सूर्यकांत दचकला.

"आपल्या इथल्या युनिव्हर्सिटीनं स्कॉलरशिप दिलीय," ती पुढे सांगत राहिली. "घरून ट्रेननं वीस मिनिटं. रेंट नाही, मील प्लॅन नाही. हॅलिफॅक्स मला आवडलं होतं, क्लासेस छोटे आहेत, पण राहायचं आणि विमानाचं तिकीट धरलं की बसत नाही. टोरोंटोला स्कॉलरशिप नाही, आणि फर्स्ट इयरला एका हॉलमध्ये हजारभर मुलं, सगळ्यांनाच डॉक्टर व्हायचंय. आणि बाबा, खरी फी तर नंतर आहे, मेडिकलची. सगळं आत्ताच घालवलं तर तेव्हा काय करायचं?"

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण सूर्यकांतनंच रविवारच्या मराठी शाळेसाठी तिच्याकडून पाठ करून घेतली होती. आज ती म्हण तिनं न उच्चारता त्याच्यापुढे मांडली होती, आकड्यांसकट. एकही चूक नव्हती तिच्या तक्त्यात. टेस्टर होता तो, त्याला कळलं.

"तू टोरोंटोलाच जायचं," तो म्हणाला.

"बट व्हाय?"

"मी म्हणतो म्हणून."

सतरा वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा आलं. अवनीनं लॅपटॉप मिटला आणि वर निघून गेली. ती भांडली असती तर बरं, असं त्याला वाटत राहिलं.

त्यानं नीलिमाला फोन केला. ओकव्हिलला नीलिमाचं घर लेकव्ह्यू होतं, म्हणजे वरच्या बाथरूममध्ये स्टुलावर चढलं की तळं दिसायचं.

"ताई, पोरगी म्हणते ते खोटं नाही हो."

"सूर्यकांतराव, जिवंत माणसाला दिलेला शब्द फिरवता येतो. समोर जाऊन माफी मागता येते," नीलिमा म्हणाली. "गेलेल्या माणसाला दिलेला फिरवायचा तर कुणासमोर जाणार? मी होते ना तिथं. तुम्ही बोललात आणि ती आली."

त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सव्वासातला कावळा आला तेव्हा त्यानं त्याच्याकडे बघायचं टाळलं. त्या आठवड्यात त्यानं घर विकायला काढलं.

घर विकणार होता नीलिमाचाच मुलगा, शुभंकर. सूट घालून, हसरा चेहरा छापलेला बोर्ड घेऊन तो एका दुपारी आला आणि पुढच्या लॉनवर खांब ठोकायला लागला. अवनी तेवढ्यात शाळेतून आली. सूर्यकांत किचनमध्ये होता आणि खिडकी उघडी होती.

"शुभंकरदादा, हे काय?"

"काका सेल करतायत. तुझ्या टोरोंटोसाठी. तुला माहीत नाही?"

अवनीनं दप्तर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तू तिथंच होतास ना? लाइफ सायन्सेसला?"

"तीन वर्षं." हातोड्याचे दोन ठोके पडले. "हायस्कूलला मी टॉपर होतो, अवनी. तिथं गेल्यावर कळलं की सगळेच टॉपर असतात. पहिल्या मिडटर्मला बावन्न मिळाले. घरी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी जीपीए गेला तो गेलाच. ती जागा वाईट नाही हं. माझ्यासाठी नव्हती, एवढंच. मी नाव बघून गेलो."

"मावशी तर म्हणते तुला बिझनेसची आवड होती."

"हो, म्हणते," शुभंकर म्हणाला आणि परत ठोकायला लागला.

खिडकीशी सूर्यकांतच्या हातातला ग्लास तसाच राहिला. डॉक्टर व्हायला निघालेला पोरगा आता दुसरीला डॉक्टर करण्यासाठी घरं विकत होता, आणि ते घर आपलं होतं. पण शब्दाचं काय? कठड्यावर रोज येऊन बसते तिला काय सांगायचं, की आकडे जमेनात म्हणून?

त्या शनिवारी ओपन हाउस होतं. दोन ते चार लोक घर बघायला येणार, तेव्हा घरच्यांनी घरात थांबायचं नाही अशी रीत. शुभंकर सकाळपासून सोफे सरकवत होता. सरकवता सरकवता तो हॉलमधल्या भिंतीपाशी थांबला. तिथं अरुणाचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला.

"काका, सॉरी. हे काढावं लागेल. बायरला इथं स्वतःचं घर इमॅजिन करता आलं पाहिजे. पर्सनल काही दिसायला नको."

"कुठं ठेवू?"

"क्लोझेटमध्ये?"

सूर्यकांतनं फोटो उतरवला आणि क्लोझेटपर्यंत गेला. आत व्हॅक्यूम क्लीनर होता, हिवाळ्याचे बूट होते. त्याला ते जमलं नाही. फोटो घेऊन तो गाडीत गेला, मागच्या सीटवर ठेवला आणि घसरू नये म्हणून बेल्ट लावला. अवनी पुढे येऊन बसली, मागे वळून बघितलं आणि स्वतःचा बेल्ट लावला. गेले दोन आठवडे दोघांमध्ये जेवलास का, जेवलीस का, याच्या पलीकडे बोलणं नव्हतंच.

कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून गाडी सवयीनं टिम हॉर्टन्स या कॉफी-डोनटच्या दुकानाबाहेरच्या गाड्यांच्या रांगेत लागली. अरुणा होती तेव्हा दर शनिवारी ग्रोसरीला जाताना ती इथं थांबायला लावायची. एक सावर क्रीम ग्लेझ्ड डोनट. "बघा, थेट आपली बालुशाही," हे ती दर शनिवारी म्हणायची, जणू आजच शोध लागला. मग बरोबर अर्धा खायची आणि अर्धा नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवायची, अवनी पोहायच्या क्लासवरून येईल तेव्हा तिच्यासाठी. अख्खा दुसरा डोनट घ्यावा, असं सूर्यकांतनं कितीदा तरी सुचवलं होतं. ते नाही, ती म्हणायची, वाटून खाल्लेला अर्धाच गोड लागतो.

"एक सावर क्रीम ग्लेझ्ड," अवनीनं खिडकीतून वाकून सांगितलं. मग बाबाकडे न बघता म्हणाली, "नदीवर जाऊ या?"

दहाव्यानंतर त्या पार्कात दोघंही गेले नव्हते. लाँग वीकएंड असल्यामुळे तिथं गर्दी होती, बार्बेक्यूचा वास होता, पोरं सायकली फिरवत होती. त्यांना खडकाजवळचं एक लाकडी टेबल मिळालं. ऊन कडक होतं. बंद गाडीत फोटो तापेल म्हणून सूर्यकांतनं तोही आणला आणि टेबलावर कॉफीच्या शेजारी ठेवला. येणारे-जाणारे जरा बघायचे आणि पुढे जायचे.

"बाबा, खरं सांग," अवनी म्हणाली. "घर का विकतोयस? तू कधीच असा नव्हतास."

फोटोसमोर खोटं बोलणं त्याला शक्य झालं नाही. त्यानं सगळं सांगितलं. खिडकीतून दिसणारी इमारत, मेपलवरचा कावळा, दिलेला शब्द, आणि रोज सकाळी सव्वासातला कठड्यावर कोण येतं तेही. सांगताना त्याला वाटत होतं, आता ही चिडेल. पण अवनीचा चेहरा पांढरा पडत चालला.

"कधी?" तिनं विचारलं. "एक्झॅक्टली कधी म्हणालास तू हे?"

"गुरुजी दर्भाचा कावळा काढत होते तेव्हा. मी डोळे मिटून बोललो. डोळे उघडले तर कावळा पानावर."

"मी दगड ठेवून गेले, त्याच्यानंतर?"

"हो. लगेचच."

अवनीनं हातातला डोनट टेबलावर ठेवला.

"बाबा, मी एक वाईट गोष्ट केलीय," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं. मी कुणालाच सांगितलं नाही."

"काय केलंस?"

"मी फक्त दगड नव्हता ठेवला. माझ्याकडे डोनट होता. सकाळी येताना मी घेतला होता, शनिवार होता म्हणून. तू थंडीत उभा राहून रडत होतास. मावशी रडत होती. आणि तो कावळा येतच नव्हता. मग मी अर्धा खाल्ला आणि अर्धा भाताच्या मागे ठेवला, दगडाजवळ. तुमचं कुणाचंच लक्ष नव्हतं. मी गाडीत जाऊन बसले आणि तो आला. त्यानं डोनटच उचलला, बाबा. मी बघितलं. चोच लागली पिंडाला, पण तो आला डोनटसाठी."

सूर्यकांतची नजर खडकाकडे गेली.

"आय फेक्ड इट," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "आई आलीच नव्हती. माझ्यावर रागावली होती म्हणून आली नाही. त्या शेवटच्या वीकएंडला तू म्हणालास, हॉस्पिटलला चल, आणि मी आले नाही, कारण सोमवारी बायोची टेस्ट होती. मला नाइंटी सेव्हन मिळाले त्या टेस्टला. नाइंटी सेव्हन. मी अजून तो पेपर उघडून बघितलेला नाही."

आधी सूर्यकांतच्या मनात आला तो संताप. दीड वर्ष! दीड वर्ष आपण एका डोनटला शब्द देऊन बसलो होतो, त्यापायी घर बाजारात मांडलं, पोरीशी अबोला धरला. मग संतापाच्या मागून दुसरं काहीतरी आलं, ते जास्त वाईट होतं.

"मग रोज सकाळी येते ती?" त्यानं विचारलं.

अवनीनं डोळे पुसले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तू रोज पोळी घालतोस."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी मोठ्यानं हसलं. नदीचं पाणी उन्हात चमकत होतं. सूर्यकांतला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. त्याला सगळं स्वच्छ कळत होतं. कावळा जर नुसता कावळा असेल, तर शब्द सुटला, घर राहिलं, पोरीचा मार्ग मोकळा झाला. पण मग कठड्यावर कुणीच येत नव्हतं. त्या इतक्या सकाळी तो एकटाच उभा होता. आणि कावळा जर अरुणा असेल, तर ती आपल्या बोलण्याला आलेली नव्हती.

समोर पोरगी रडत होती. अठराव्या वर्षात पाऊल टाकायच्या आत आपण आईला फसवलं, असं ती धरून चालली होती, आणि पुढे आयुष्यभर सुई हातात घेऊन लोकांना बरं करायला निघाली होती.

"अवनी, ऐक," तो म्हणाला. "त्या पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवायचं असतं. रीतच आहे तशी. मावशीनं भजी आणली. आईला भजी कधी आवडायची? तेलकट म्हणून बाजूला सारायची. खीर तर माझ्या आईची आवड. आम्ही एवढी मोठी माणसं तिथं उभी, नाही नाही ते कबूल करत होतो, पण तिला काय आवडतं ते कुणालाच आठवलं नाही. तुला आठवलं."

अवनीनं मान वर केली.

"तू काही फसवलं नाहीस. बरोबर तेच केलंस जे करायचं असतं. ती कशासाठी खोळंबली होती, ते मला आत्ता कळतंय. तुझ्या हातच्या अर्ध्यासाठी. ते मिळालं आणि ती गेली. रागावली असती तर डोनटला तोंड लावलं असतं का तिनं? तू ओळखतेस ना तिला?"

हे त्याला खरं वाटत होतं का? त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. पण पोरीला ते हवं होतं आणि त्याच्याकडे देण्यासारखं एवढंच होतं, म्हणून त्यानं ते सगळं देऊन टाकलं, स्वतःसाठी काही न ठेवता. अवनी टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊन रडली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती थांबेपर्यंत तो काढला नाही.

"फोन काढ," मग तो म्हणाला. "होकार कळवून टाक."

"कुठं?"

"तुला जिथं कळवायचाय तिथं. आणि एक आधीच सांगून टाकतो. तू घरी राहशील याचा मला आनंद होतोय, फार होतोय. पण माझ्यासाठी राहू नकोस. हॅलिफॅक्स हवं असेल तर तसं सांग, परत आकडे मांडू."

"मी मार्कांसाठी राहतेय, बाबा," अवनी नाक पुसत म्हणाली. "डोंट फ्लॅटर युवरसेल्फ."

तिनं फोनवर बरंच खाली-वर केलं, एका जागी थांबली, फोटोकडे बघितलं आणि अंगठा टेकवला. एवढ्यानं झालं. सूर्यकांतनं शुभंकरला फोन लावला आणि लोक असतील तर गोडीनं वाटेला लाव, बोर्ड काढून टाक, असं सांगितलं. कारण विचारलं तर अवनी इथंच शिकतेय, असं म्हणाला. पलीकडे शुभंकरचं कमिशन बुडत होतं.

"बरं केलंत, काका," तो म्हणाला. "आईला मी सांगतो. मीच सांगतो सगळं."

निघताना अवनीनं डोनटचे दोन तुकडे केले. अर्धा तिनं खाल्ला आणि अर्धा खडकावर ठेवला. कावळा येतो का हे बघायला दोघंही थांबले नाहीत.

रविवारी सकाळी सूर्यकांतला नेहमीच्या वेळेला जाग आली. फोटो परत भिंतीवर होता, लॉनवर खांबाचं भोक तेवढं राहिलं होतं. आज चहा आधीच गॅसवर ठेवून, पोळीचा तुकडा घेऊन तो डेकवर गेला. सव्वासातला कावळा आला. कठड्यावर बसला, मान वाकडी करून त्यानं बघितलं. सूर्यकांतनं तुकडा ठेवला, हात जोडले आणि 'लक्षात आहे' म्हणायला तोंड उघडलं. पण आता लक्षात ठेवायचं काही राहिलंच नव्हतं. दिलेला शब्द नव्हता, मागायला येणारी कुणी नव्हती. कावळ्यानं पोळी उचलली आणि तो शेजारणीच्या छपरावर जाऊन, पायाखाली धरून ती खात बसला. काळा, जाडजूड, गावातल्या हजारांतला एक.

दीड वर्षं झाली होती. विधी झाले होते, कागदपत्रं झाली होती, कपडे देऊन टाकून झाले होते. आणि अरुणा गेली, हे सूर्यकांतला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. तो डेकच्या पायरीवर बसला आणि मोकळ्या गळ्यानं रडला. शेजारची म्हातारी खिडकीत आली होती, तरी थांबला नाही.

"बाबा," आतून अवनीची हाक आली, "चहा उतू जातोय."

"आलो," तो म्हणाला, आणि डोळे न पुसताच आत गेला.